जास्तीची काच

१४ डिसेंबर, रविवार
काच पुन्हा दाराच्या पोटात पडली. ड्रायव्हरशेजारच्या दाराची. हँडल फिरवलं, अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखी आली, मग तिरकी झाली आणि खाली गेली. फुटली नाही एवढंच. कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढली. मनगटाला पत्रा लागला, हळद दाबली.
केतकीचा पुण्याहून फोन. "आई, तू हे का करतेयस? मेकॅनिक बोलव ना." काय सांगणार. मलाच ठाऊक नाही. हे गेले त्याला फेब्रुवारीत वर्ष होईल. रिटायर झाल्यावर घेतलेली ही जुनी अँबॅसिडर ह्यांनी इंजिनापासून नवी केली, रंग दिला, आणि काम दारांवर येऊन थांबलं. चारही दारं पोकळ. काचा वरच्या खोलीत गुंडाळून ठेवलेल्या. वर्षभर मी ताडपत्री टाकून बघत बसले. आता मागच्या सीटवर मांजर व्यायली. तेव्हा वाटलं, पुरे.

१६ डिसेंबर, मंगळवार
सकाळी दोन ब्लाउज कापले, एक पिको. दुपारी गाडी.
काचेच्या खालच्या कडेला लोखंडी पट्टी असते, तिच्यात रबर घालून काच दाबून बसवायची. पट्टीच्या खोबणीत दाराच्या आतल्या मशीनचे दोन हात सरकतात. हँडल फिरवलं की हात पसरतात, काच वर. एवढं कळलं. रबर म्हणजे आपलं पायपिंगच. जुनं कडक झालं होतं म्हणून काच निसटत होती. नवं रबर ह्यांनीच आणून ठेवलेलं, डब्यात सापडलं. साबणाचं पाणी लावून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकलं. बसली.
पण वर जाताना अजून तिरकी. पुढचं टोक आधी पोचतं, मागचं मागेच.
मी सरळ फिरवते तरी.

१९ डिसेंबर, शुक्रवार
दाराच्या मागच्या कडेला मखमल लावलेली उभी पट्टी आहे, काच तिच्यात धावते. तिचा बोल्ट थोडा सैल केला. काच सुरळीत वर गेली. मग आवळला. पुन्हा तिरकी. सैल, सरळ. आवळला, तिरकी. संध्याकाळपर्यंत हेच. शिलाई मशीनचा ताण लावताना असं होतं, पण तिथे निदान धागा दिसतो. इथे सगळं आत.
ते दार तसंच सोडून ड्रायव्हरचं घेतलं. तिथे तर काच बसतच नाही. पुढच्या कोपऱ्यात ती छोटी तिकोनी काच आहे ना, तिच्या चौकटीला आपटते. मोठी आहे. मापाने बघितलं. एवढी मोठी कशी? ह्याच गाडीतून काढलेली ना?
वर जाऊन पाहिलं. दारात घातलेल्या धरून काचा पाच आहेत. दारं चार.
पुन्हा मोजल्या.

२१ डिसेंबर, रविवार
रफीकभाई आले. मूळचे मालेगावचे, इथे द्वारका चौकाजवळ गॅरेज आहे. ह्यांचं इंजिन त्यांनीच बांधलं. मोठी काच उभी धरून म्हणाले, "भाभी, ये आपल्या गाडीची नाय. तिकोनी काच नसते ना, त्या नंतरच्या मॉडेलची हाय. पुढच्या दाराची."
मग इथे कशी?
"साहेबांनी आणली असंल. रबर बसवायला."
कोणाची?
म्हणाले, "मला काय माहीत भाभी." आणि चहा अर्धा ठेवून निघाले. रफीकभाई चहा कधी टाकत नाहीत.
तिरक्या काचेबद्दल त्यांनाही जमलं नाही. म्हणाले दार वाकलंय, दारच बदला. दार वाकलेलं नाही. मी पट्टी लावून बघितलं.

२२ डिसेंबर, सोमवार
लिहू की नको.
काचा पुसायला फडकं हवं होतं. चार काचा आपल्या जुन्या चादरींत होत्या. जास्तीची काच एका साडीत होती. मोरपंखी, विटलेली. ती फाडायला घेतली आणि फॉलवर हात थांबला. फॉल अर्ध्या शेडने गडद आहे. टाके माझे आहेत. माझा टाका मला कळतो, मी आतून दोन धागे उचलते, बाहेर दिसत नाही. दुसरं कोणी असं करत नाही इथे.
ती साडी मी माझ्या जावेसाठी केली होती. शोभासाठी. मेन रोडला दोघी गेलो होतो, जुळणारा फॉल मिळाला नाही, ती म्हणाली कोण बघतंय, लाव.
शोभाची साडी माझ्या घरात येण्याचं काही कारण नाही. तिच्या घराशी आमचं चौदा-पंधरा वर्षं बोलणं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार
झोप नाही. कामात चूक, जोशीबाईंच्या ब्लाउजचा गळा उलट्या बाजूने कापला.
डोकं ठिकाणावर आणायला लिहिते. मिलिंदभाऊ, ह्यांचे धाकटे भाऊ, घोटीला शाळामास्तर. शोभा त्यांची बायको. सासरे शेवटचे आजारी होते तेव्हा हे रात्रपाळीला असताना मिलिंदभाऊंनी दवाखान्यातून त्यांना काढून घोटीला नेलं. सासरे तिथेच गेले. ह्यांचं म्हणणं, मला न विचारता नेलं, नेलं म्हणून गेले. स्मशानातच भांडण झालं. घरी आल्यावर मला म्हणाले, त्या घराचं नाव काढायचं नाही.
नाही काढलं. शोभाचे फोन यायचे, उचलले नाहीत. मग यायचे बंद झाले. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही. त्या दिवशी मी दिवसभर गोधडी शिवत बसले होते हे आठवतंय.
हे गेले तेव्हा मिलिंदभाऊ आले होते. फाटकाशी उभे. मी बघितलं नाही. ह्यांना आवडलं नसतं म्हणून.

२६ डिसेंबर, शुक्रवार
द्वारकेला रफीकभाईंच्या गॅरेजवर गेले. साडी पिशवीत घालून. का नेली काय माहीत, त्यांना साडी दाखवून काय.
आधी टाळलं. मग म्हणाले, "साहेबांनी कसम घातलेली भाभी. पण आता ते नाय. दोघं भाऊ येत होते. घोटीचे मास्तर. त्यांची पण अँबॅसिडर हाय, नंतरची, पांढरी. दर रविवारी इथेच, दोघं गाडीखाली."
कधीपासून?
"दीड वर्ष असंल. साहेब जायच्या आधी."
रविवारी हे सुटे भाग शोधायला जातो सांगायचे. मी डबा द्यायचे. दोन पोळ्या जास्त टाक म्हणायचे, आता भूक लागते म्हणून.
रिक्षात बसले आणि घरचा पत्ता सांगायला वेळ लागला.

२८ डिसेंबर, रविवार
केतकीला विचारलं. म्हणाली, "एकदा बाबांबरोबर काकांना भेटले होते मी. बाबा म्हणाले, आईला मी सांगतो."
आणि तू नंतर का नाही सांगितलंस?
"मला वाटलं त्यांनी सांगितलं असेल. तू बोलत नव्हतीस, म्हणून मीही नाही."
म्हणजे तिला वाटलं मला माहीत आहे, मला वाटलं कोणालाच काही नाही.
मांजरीने एक पिल्लू ड्रायव्हर सीटखाली नेलंय. त्या दारावर काम बंद.

३ जानेवारी, शनिवार
राग कोणावर आहे ते ठरत नाही. सकाळी ह्यांच्यावर असतो. दुपारी शोभावर, साडी तिची, म्हणजे तिला तर माहीत होतं ना, तिने एक फोन करायचा. संध्याकाळी कोणावरच नाही, नुसती पाठ दुखते.
भांडण ह्यांचं होतं. मी धरून ठेवलं ह्यांच्यासाठी. त्यांनी ते कधी सोडलं मला कळलंच नाही, मी एकटीच धरून बसले होते. कोणाचं भांडण मग ते?
सोडलं हे चांगलंच केलं. तेही खरं. मग मला वाईट का वाटतंय.

५ जानेवारी, सोमवार
वर्षाच्या कार्यक्रमाचं आत्याबाईंनी विचारलं. ह्यांची आत्या, घरात आता सगळ्यांत मोठ्या त्याच. १५ फेब्रुवारी, रविवार धरला. बुद्धवंदना, पुण्यानुमोदन, जेवण. म्हणाल्या, "घोटीला कळवायचं का? तू म्हणशील तसं. अशोकला चाललं नसतं."
काय चाललं असतं ह्यांना ते मी सांगू शकत नाही आता. आधी सांगू शकत होते.

११ जानेवारी, रविवार
फोन केला. नंबर पाठ होता, मला वाटलं विसरले असेन.
शोभानेच उचलला. मी म्हटलं, सुमन बोलतेय. ती म्हणाली, "जयभीम वहिनी."
पूर्वी ती मला सुमनताई म्हणायची. वहिनी तिचा नवरा म्हणतो.
मी म्हटलं, तुमच्या गाडीची एक काच आमच्याकडे आहे. एवढंच सुचलं. ती म्हणाली, "हो. आमचं ते दार वर्षभर पुठ्ठा लावून आहे." नवी काच का नाही घेतली असं विचारणार होते. नाही विचारलं.
रविवारी येतो म्हणाली. काच न्यायला.

१४ जानेवारी, बुधवार
पलीकडच्या काकू तीळगूळ देऊन गेल्या. पतंगाचा मांजा गाडीच्या आरशात अडकला होता, कात्रीने काढला. कामं खूप, सगळ्यांना संक्रांतीलाच काळी साडी आठवते. बरं झालं कामं आहेत.

१८ जानेवारी, रविवार
आले दोघं. पांढऱ्या गाडीतून. खरंच एका दाराला पुठ्ठा होता, वर चिकटपट्टी.
मिलिंदभाऊ केवढे ह्यांच्यासारखे दिसायला लागलेत. ते फाटकातून आत येताना मी क्षणभर दाराला धरून उभी राहिले. शोभा जाड झाली आहे, केस पूर्ण पांढरे, रंगवत नाही. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो की नाही ते आठवत नाही.
चहा झाला. मिलिंदभाऊ उठून गाडीपाशी गेले, ड्रायव्हरशेजारच्या दाराचं हँडल फिरवलं. काच तिरकी गेली.
"वहिनी, बोल्ट काच खाली असताना आवळला का?"
हो.
"वर घ्यायची. पूर्ण वर, चौकटीत बसवायची, मगच आवळायचं. वर काचच सांगते पट्टी कुठे हवी ते." मग हलकेच, "दादाने मला शिकवलं."
काच वर घेतली, मी दोन्ही हातांनी धरून ठेवली, त्यांनी आतून आवळलं. खाली. वर. सरळ. महिनाभर मी ज्याच्याशी झटत होते ते असं सुटलं आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं. त्यांनी पाठ फिरवून पाने-स्क्रूड्रायव्हर गोळा केले.

मग विचारलं मी. का नाही सांगितलं ह्यांनी.
म्हणाले, "दादा म्हणायचा, गाडी पुरी होऊ दे. काचा बसल्या की सुमनला गाडीत घालून घोटीला आणतो, तोपर्यंत बोलू नको. काचा राहिल्या."
मी म्हटलं, काचा बसवायला किती वेळ लागतो? आज तासात एक झाली.
ते म्हणाले, "तेच मीही विचारायचो."
आणि बाबांना घोटीला नेलं त्याचं? तुमचं मिटलं कसं?
"मिटलं नाही. बोललोच नाही कधी. पहिल्यांदा गॅरेजवर अचानक समोरासमोर आलो. तो म्हणाला, तुझ्याकडे जॅक आहे का. मी दिला. मग तसंच चालू राहिलं. एकदाच म्हणाला, बाबांना त्या शेवटच्या दिवसांत खिडकीपाशी ठेवलं होतंस ना. मी हो म्हटलं. बास."

स्वयंपाकघरात शोभा. साडी मी घडी करून ठेवली होती ओट्यावर. तिने बघितली. मी म्हटलं, हीच का गुंडाळलीस? मला दिसावी म्हणून?
ती म्हणाली, "जुनी होती. हाताला आली ती दिली."
तिच्याकडे बघून काही कळेना. पूर्वी कळायचं. एका स्वयंपाकघरात नऊ जणांचं करायचो तेव्हा मागे न बघता कळायचं तिला मीठ हवंय.
साडी नेली नाही तिने. काच नेली.

१९ जानेवारी, सोमवार
कार्यक्रमाला या म्हणाले होते मी त्यांना, गाडीत बसताना. शोभा म्हणाली, "लोक काय म्हणतील? तुलाच त्रास." मिलिंदभाऊ म्हणाले, येतो.
काल "तुला" म्हणाली. आज लक्षात आलं.

२५ जानेवारी, रविवार
मांजर पिल्लं घेऊन काकूंच्या माळ्यावर गेली. ड्रायव्हरचं दार एकटीने केलं. वर घेऊन मग आवळलं. बसली. खिडकीच्या कडेची रबरपट्टी क्लिपा लावून बसवताना तीन क्लिपा उडाल्या, दोन सापडल्या.
काच बंद करून आत बसून राहिले. बाहेरचं ऐकू येत नाही फारसं. हे इथे बसायचे तेव्हा काय ठरवत असतील? आज सांगू, उद्या सांगू? की काहीच नाही, नुसतं बरं वाटत असेल, एक जागा जिथे मी नाही.
हे लिहायला नको होतं. पण आलं मनात.

१ फेब्रुवारी, रविवार
मागचं एक दार झालं. दुसऱ्याचं मशीन दात झिजलेलं, हँडल नुसतं फिरतं. रफीकभाई दुसरं बघतो म्हणाले.
त्यांना मी विचारलं, दोघं भाऊ हसायचे का हो? म्हणाले, "साहेब? लय. मास्तरांना चिडवायचे."
घरी हे फार हसायचे नाहीत. शांत होते. मी म्हणायचे वयाने शांत झाले.

८ फेब्रुवारी, रविवार
केतकी आली. गाडी बघून म्हणाली, "आई, तू केलंस हे?" मग मिठी मारून उगाच जास्त वेळ. तिला वाटतं मी तिच्यावर रागावले आहे. नाही रागावले. म्हणाले तसं. पटलं नाही तिला, मलाही नीट सांगता आलं नाही.
आत्याबाईंना फोनवर सांगितलं, घोटीचे येणार आहेत. "अशोकचा आत्मा..." म्हणायला लागल्या, मी म्हटलं आत्याबाई, आपल्यात आत्मा नसतो. ठेवला फोन त्यांनी.

१५ फेब्रुवारी, रविवार
झाला कार्यक्रम. अंगणात मांडव, गाडी एका बाजूला. पांढरी साडी नेसले. वंदना झाली. भंतेजी थोडक्यात बोलले, बरं वाटलं.
मग ज्याला बोलायचं त्याने बोलावं असं म्हणाले. ह्यांचे कारखान्यातले दोघं बोलले. आणि मिलिंदभाऊ उठले. सगळे ताठ झाले. आत्याबाईंनी पदर नीट केला.
ते म्हणाले, "मी दादाशी खूप वर्षं बोललो नाही. पण शेवटचं दीड वर्ष आम्ही दर रविवारी एकत्र होतो." कागद हातात होता, तो नुसता धरून उभे.
मांडवात कुजबुज. सगळी तोंडं माझ्याकडे. आत्याबाई मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, "सुमन, तुला ठाऊक होतं हे?"
मी म्हटलं, हो. मला माहीत होतं. डबा मीच द्यायचे दोघांचा.
कसं आलं तोंडातून माहीत नाही. सरळ आलं, अडखळले नाही. केतकीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मिलिंदभाऊ खाली बसले. कोणीतरी म्हणालं, घर सांभाळलं बाईने. जेवणं सुरू झाली.

भांडी विसळताना शोभा शेजारी येऊन उभी राहिली.
"का म्हणालीस तसं?"
माहीत नाही.
"दादांना वाचवलंस की स्वतःला?"
मी म्हटलं, शोभा, माहीत नाही गं.
ती फडक्याने ताटं पुसत राहिली. म्हणाली, "डबा मी खाल्लाय. उरलेलं हे घोटीला घेऊन यायचे, मेथीचा वास असायचा त्याला. मी म्हणायचे ह्यांना, घरी सांगा त्यांच्या, नाहीतर मी सांगते. दादा म्हणाले, तू सांगितलंस तर मी येणं बंद करीन."
मग का नाही सांगितलंस, नंतर तरी? ते गेल्यावर?
"हे फाटकाशी आले तेव्हा तू तोंड फिरवलंस."
मी फिरवलं होतं.
ती म्हणाली, "घोटीला ये." मी म्हटलं, बघते. तिने ताटं मोजून मांडणीत लावली, जशी आम्ही एकत्र होतो तेव्हा लावायचो, मोठी मागे.

१६ फेब्रुवारी, सोमवार
आत्याबाईंचा फोन. "तू मोठ्या मनाची आहेस, नवऱ्याला भावाकडे तूच पाठवलंस." हो म्हटलं. आता तेच खरं होणार. पुढच्या वर्षी सगळे तेच सांगतील.
मी ह्यांचं खोटं झाकलं की माझं नवं खोटं सुरू केलं. दोन्ही एकदम होत असेल का.
केतकी दुपारच्या बसने गेली. जाताना म्हणाली, "गाडी शिक आई, क्लास लाव." स्कूटर येते मला, गाडीचा क्लच जड आहे म्हणतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
रफीकभाईंनी दाराचं मशीन आणून दिलं. उद्या बसवीन, आज अंगात जीव नाही.
मांडववाला बांबू घेऊन गेला. उरलेला भात काकूंच्या मांजरीला.
दुपारी शोभाचा फोन आला. नाव अजून सेव्ह नाही, नुसता नंबर. बघत राहिले, थांबला. काय बोलायचं होतं तिला? काय बोलायचंय मला? पंधरा वर्षांचं की परवाचं?
थोड्या वेळाने मीच लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी.
तीही मलाच लावत असेल. किंवा दुसऱ्या कोणाशी बोलत असेल.
ठेवला. शिवणाचा दिवा लावला. फोन टेबलावरच, कात्रीशेजारी आहे.